घरच्या काळ्या मशीनवर सॅक शिवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरला घरात आईची पायाने चालवायची काळी मशीन आहे. अभ्रे, पडदे, एखादी बाजाराची पिशवी एवढा शिवणाचा हात आहे. आता चौथीतल्या मुलीसाठी दप्तर आणि स्वतःसाठी वीसेक लिटरची सॅक घरीच शिवायची आहे, कारण विकतची सॅक दोन पावसाळ्यांत आतून सोलून निघाली आणि तिचा पांढरा चुरा सगळ्या सामानाला लागला. पावसाला टिकेल असं कापड कोणतं, ही मशीन ते शिवेल का आणि मापं कशी काढायची, हे तुम्हाला हवंय. मासळीच्या पिशवीचंही विचारलंय, ते शेवटी घेते.

मशीन शिवेल, त्याची काळजी सोडा. कापडाच्या बाबतीत मात्र 'वॉटरप्रूफ' हा शब्द डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यात एसटीची वाट बघत उभं राहिलं की शिवलेली कुठलीही बॅग आत ओली होतेच. पाणी कापडातून कमी येतं, सुईच्या भोकांतून आणि चेनमधून जास्त येतं. रत्नागिरीत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बॅगा बघितल्या तर त्या भिजल्यामुळे गेलेल्या नसतात, वेळेवर न सुकल्यामुळे गेलेल्या असतात. पाणी अडवायला म्हणून जे जे लावलेलं असतं, तेच आतली ओल धरून ठेवतं. म्हणून मी सॅक शिवताना ती लवकर कशी सुकेल ते आधी बघते. वह्या कोरड्या ठेवायचं काम आतल्या एका वेगळ्या पिशवीवर सोपवते.

तुमच्या सॅकमधला तो पांढरा चुरा म्हणजे कापडाच्या मागे दिलेला पॉलियुरेथेनचा लेप. नायलॉन किंवा पॉलिस्टर विणलेलं असतं, त्यातून पाणी जातंच. अडवतो तो लेप. उष्ण आणि दमट हवेत बाष्प या लेपाच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जातं. आधी तो चिकट होतो, बॅग उघडताना कापड कापडाला चिकटून चर्र आवाज येतो, आंबूस वास सुटतो आणि मग पापुद्रे पडायला लागतात. वापर कमी म्हणून बॅग टिकेल असंही नाही. कपाटात गुंडाळून ठेवलेली बॅग रोज पाठीवर असलेल्या बॅगेच्या आधी सोलते, कारण तिथे हवाच खेळत नाही. ती जुनी सॅक टाकू नका. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, खरखरीत ब्रशने सगळा लेप खरवडून काढा. खालचं कापड बहुतेक वेळा धडधाकट निघतं. शिवाय तीच सॅक उसवून बघणं हा तुमच्यासाठी सगळ्यात चांगला धडा आहे, त्याबद्दल पुढे.

आता कापड. बॅगवाल्यांकडे जे मॅटी म्हणून मिळतं ते जाड पॉलिस्टर. 600 डेनियरचं घ्या. 9000 मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनियर, म्हणजे आकडा मोठा तसा धागा जाड. 1000 डेनियरचं नायलॉन दगडावर घासलं तरी फाटत नाही, सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ते आवडतं, पण त्याच्या सहा-सात थरांतून घरच्या मशीनची सुई नेताना जीव मेटाकुटीला येतो आणि दप्तरासाठी ते विनाकारण जड होतं. मॅटीतही मागचा लेप बघून घ्या. दुकानात कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा पलीकडे थोडी जात असेल तर लेप नाही किंवा अगदी पातळ आहे. अजिबात जात नसेल आणि मागची बाजू रबरासारखी गुळगुळीत, वासाची असेल तर तो पीव्हीसी. पीव्हीसी पॉलियुरेथेनसारखा चुरा होऊन पडत नाही, पण तो वजन वाढवतो, काही वर्षांनी कडक होऊन घडीवर चिरतो आणि ओल कोंडतो. मी सॅकच्या अंगाला फुंकर जाणारं कापड वापरते आणि फक्त तळाला पीव्हीसीचं, कारण बॅग ओल्या जमिनीवर टेकते ती तळावर.

सुती कॅनव्हास दिसायला देखणा आणि शिवायला सगळ्यात सोपा. 10 ते 12 औंसाचा, म्हणजे चौरस मीटरला साधारण 340 ते 400 ग्रॅमचा कॅनव्हास काळ्या मशीनवर लोण्यासारखा शिवला जातो. पण आपल्या हवेत श्रावण सरेपर्यंत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते नंतर कशानेही पूर्ण जात नाहीत. बाजाराच्या पिशवीला कॅनव्हास चालतो, कारण ती दर आठवड्याला धुतली जाते. सॅक कोण दर आठवड्याला धुतं? कॅनव्हास घेतलातच तर कापण्याआधी एकदा धुऊन, सुकवून, इस्त्री करा, नाहीतर शिवल्यावर तो आटेल, अस्तर आटणार नाही आणि बॅग वाकडी होईल. मेण चोळलेला कॅनव्हास थंड देशांत शोभतो. इथे मे महिन्यात तो हाताला चिकटतो. जुन्या जीन्सची सॅक करायचा मोह अनेकांना होतो. हौस म्हणून करा, पण भिजली की दुप्पट जड लागते आणि जुलैत तीन दिवस सुकत नाही.

अस्तर पातळ पॅराशूट कापडाचं आणि फिक्या रंगाचं घ्या. काळं अस्तर मळकं दिसत नाही हे खरं, पण काळ्या अस्तरात खोडरबर, किल्ल्या आणि बुरशी तिन्ही दिसत नाहीत. अस्तर चारी बाजूंनी शिवणीत अडकवू नका. चेनच्या कडेला तेवढं शिवा, खाली सुटं लोंबतं ठेवा. म्हणजे बॅग भिजली की खिशाचं अस्तर ओढावं तसं ते बाहेर ओढता येतं, आणि दोन्ही थरांना वारा लागतो. कारखान्यात असं करत नाहीत, कारण तिथे सगळे थर एकाच टिपेत धरले की वेळ वाचतो. तुम्हाला घाई नाही.

पट्ट्यांत आणि पाठीला घालायचा फोम निवडताना बहुतेकजण फसतात. गादीवाल्याकडचा साधा स्पंज पाणी पितो आणि पिऊन बसतो. पिळता येत नाही, आत हवा जात नाही, महिन्याभरात पट्ट्याला कुबट वास येतो. ईव्हीएचा फोम घ्या, ज्याच्या चपला आणि व्यायामाच्या चटया होतात तो. त्याची छिद्रं बंद असतात, पाणी आत शिरत नाही. मोठ्यांच्या पट्ट्याला 8 ते 10 मिलिमीटर, मुलांच्या पट्ट्याला 5 ते 6 पुरे. फाटलेल्या योगाच्या चटईचे तुकडे चालतात, पण आधी एक तुकडा रात्रभर बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी दाबून बघा. पाणी निघालं तर तो आपल्या कामाचा नाही.

लोखंड या हवेत टिकत नाही, हे गुहागरच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. खरेदीला जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. डी रिंग, आयलेट (भोकाला बसवायची धातूची कडी), टिचबटण, जे चुंबकाला चिकटेल ते घेऊ नका, वरचा मुलामा कितीही चकचकीत असो. दोन पावसाळ्यांत त्याचा गंज कापडावर उतरतो आणि तो डाग जात नाही. पितळेवर हिरवट कळा चढते, पण ते झिजून तुटत नाही. बकल, अॅडजस्टर शक्यतो चांगल्या प्लॅस्टिकचे. बोटाने वाकवून बघा, लगेच पांढरी रेघ उमटली तर ठेवून द्या.

चेन धातूची नको, नायलॉनच्या वेटोळ्याची घ्या. ती वळणावर वळते आणि मीटरवर मिळते, रनर वेगळे घ्यायचे. चेनवरचा नंबर म्हणजे दाते मिटल्यावरची त्यांची साधारण रुंदी मिलिमीटरमध्ये. मुख्य तोंडाला 8 नंबर, खिशाला 5. दप्तरांना 5 नंबरची चेन मुख्य तोंडाला लावलेली मी पुष्कळ बघते. भरलेलं दप्तर ओढून बंद करताना तिचा रनर पसरतो. आणि चेन बिघडली म्हणजे बहुधा रनरच गेलेला असतो, दाते नव्हे. रनर जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, खाऱ्या हवेने आतून खडबडीत होतो आणि दात्यांना घट्ट दाबेनासा होतो. पकडीने किंचित दाबला की महिना-दोन महिने चालतो, मग बदलायचा. म्हणून चेन घेताना त्याच मापाचे दोन रनर जादा घ्या आणि आतल्या खिशात टाचून ठेवा. समुद्रावर नेलेली बॅग घरी आल्यावर गोड्या पाण्याने खळखळून काढा, चेनवरून कोरडी मेणबत्ती फिरवा.

पट्ट्याचा बेल्ट, म्हणजे जाड विणलेली फीत, 25 मिलिमीटर रुंदीचा. पॉलिस्टरचा मिळाला तर उत्तम. नायलॉनचा मजबूत असतो पण भिजला की थोडा लांबतो, आणि उन्हाने पॉलिस्टरपेक्षा लवकर विरतो. दुकानात सर्रास मिळतो तो चकचकीत, हलका पॉलिप्रॉपिलीनचा. तो अॅडजस्टरमधून घसरत राहतो. स्वस्त पिशवीच्या बंदाला ठीक. कापलेलं टोक मेणबत्तीवर नुसतं दाखवून वितळवा, म्हणजे उसवणार नाही. इस्त्री मात्र पॉलिप्रॉपिलीनवर फिरवू नका, तो चिकटून बसेल.

दोरा सुती नको. ओलीत कुजतो. पॉलिस्टरचा घ्या आणि रिळावरचा नंबर बघा. ब्लाउजचा दोरा 120 नंबरचा असतो. बॅगेला 40 किंवा 36. आकडा लहान तसा दोरा जाड. त्याला सुई 18 नंबरची लागते, 16 मध्ये तो घासून तुटतो. जाड दोरा फक्त वर घाला, बॉबिनमध्ये साधा पॉलिस्टरचा भरा. काळ्या मशीनच्या शटलला जाड दोरा दोन्हीकडून सोसत नाही, गाठी करतो. वरचा ताण थोडा वाढवायचा आणि एका चिंधीवर टीप मारून बघायची. गाठ कापडाच्या मध्यात बसली पाहिजे. खाली दोऱ्याचे फासे दिसले तर वरचा ताण कमी पडतोय, वर खालचा दोरा ठिपक्यांनी दिसला तर जास्त झालाय.

टीप लांब टाक्याची ठेवा, एक टाका 3 ते 4 मिलिमीटर. बारीक टिपेने शिवण पक्की होते हा कपड्यांचा नियम इथे उलटतो. जाड कापडात बारीक टीप म्हणजे ओळीने जवळजवळ भोकं. ओझ्याने कापड त्या रेषेवर फाटतं, दोरा तसाच्या तसा राहतो. पट्टा तुटून आलेल्या बॅगा मी बघते त्यांत हेच सगळ्यात जास्त असतं.

मशीनची तयारी फार नाही. दातपट्टीखालची कापसासारखी घाण काढा, तेल द्या, फाटक्या कापडावर थोडं शिवून जादा तेल निघू द्या. पावसाळ्यात चामडी पट्टा सैल पडतो. थोडा कापून आकडा पुन्हा लावावा लागतो. सुई टाके सोडत असेल तर ती उलटी बसलीय का ते आधी बघा. सुईच्या मुळाची सपाट बाजू शटलच्या टोकाकडे हवी आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. पीव्हीसीचं कापड वरून दाबून धरणाऱ्या फुटाला चिकटतं. त्यावर वर्तमानपत्राचा पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. जाड जोडावर फूट पुढे तिरका होऊन अडकतो, तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची चिंधी घडी करून सरकवा, फूट सपाट होईल. तिथे पाय थांबवा आणि चाक हाताने फिरवा. मोटर बसवायची घाई करू नका. पायमशीन एकेक टाका घालते, बॅगेला तेच हवं असतं.

आता मापं. तुमची सॅक 30 सेंटिमीटर रुंद, 45 उंच, 15 खोल धरू. गुणाकार 20,250 घन सेंटिमीटर, म्हणजे वीस लिटर. पुढचा आणि पाठीचा असे दोन सपाट भाग आणि त्यांना जोडणारी भोवतालची पट्टी, एवढीच सॅक असते. कोपरे गोल करा, 6 सेंटिमीटर त्रिज्येचे. काटकोनी कोपरा नवशिक्याच्या हातून नीट शिवला जात नाही आणि आधी झिजतो तोही तोच. गोल कोपऱ्यामुळे घेर कमी होतो हे विसरलं की पट्टी लांब उरते आणि शेवटी चुण्या पडतात. हिशेब सोपा आहे: काटकोनी घेर 150 सेंटिमीटर. चार कोपरे गोल केले की त्यातून त्रिज्येच्या 1.72 पट वजा करायचे, म्हणजे 10.3. राहिले 139.7. ही लांबी टिपेच्या रेषेवरची आहे, कापडाच्या कडेची नाही.

माया, म्हणजे टिपेबाहेरचं जादा कापड, चहूबाजूंनी 1.2 सेंटिमीटर सोडा. म्हणजे दोन्ही भाग 32.4 बाय 47.4 असे कापायचे, कोपऱ्याची कापायची त्रिज्या 7.2. भोवतालच्या पट्टीचे दोन तुकडे: वर चेनचा 70 सेंटिमीटर आणि खाली तळाचा 69.7, दोन्हींना टोकांची माया वेगळी. चेन मधोमध वरून दोन्ही बाजूंना साधारण अर्ध्या उंचीपर्यंत उतरते, इतकं तोंड पुरतं. त्याहून जास्त उघडणारी सॅक गच्च भरली की चेनवर भार येतो. तळाची पट्टी 17.4 रुंद कापा. चेनची पट्टी मात्र आधी मापात कापू नका. दोन रुंद पट्ट्या घ्या, कडा दुमडून चेनवर दाबटीप मारा आणि मग अख्खी पट्टी चेन मध्यावर धरून 17.4 रुंदीला कापा. कितीही काळजीपूर्वक शिवलं तरी चेन लावताना दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. ते असे निघून जातात. मॅटी साधारण 58 ते 60 इंच पन्ह्याची मिळते, एक मीटरमध्ये खिसे आणि पट्ट्यांसकट सगळं बसतं.

आधी वर्तमानपत्रावर बेता. कागद चिकटवून, टाचून खरोखर खोका उभा करा आणि पाठीला लावून आरशात बघा. इथे ती जुनी सॅक कामाला येते. ती उसवताना कोणती टीप सगळ्यात शेवटी मारली असेल त्या टिपेपासून उसवायला सुरुवात करा आणि क्रम लिहून ठेवा. तो उलटा वाचला की शिवायचा क्रम मिळतो.

क्रमाचं तत्त्व एकच: कापड सपाट आहे तोवर जितकं शिवून घेता येईल तितकं घ्या. पुढचा खिसा, आतला खिसा, पाठीचा फोम, खांद्याचे पट्टे, वरचा हातात धरायचा बंद, बाजूचे बाटलीचे खिसे, सगळं सपाट भागांवरच. खोका झाल्यावर आत मशीनचा हात जात नाही. मग चेनची पट्टी आणि तळाची पट्टी जोडून कडं करा. कड्यावर आणि दोन्ही सपाट भागांवर वर, खाली, डावी, उजवी अशा चार मध्यखुणा करा, त्या जुळवा आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. टाचण्या नकोत, लेपाच्या कापडात टाचणीचं भोक बुजत नाही. कोपऱ्यावर पट्टीच्या मायेला दर सेंटिमीटरला 8 मिलिमीटर खोल काप द्या, म्हणजे ती वळणावर उघडते. कोपरा शिवताना सपाट भाग खाली, पट्टी वर. पाठीचा भाग शेवटी जोडताना चेन उघडी ठेवा. ती बंद राहिली तर बॅग उलटता येत नाही, आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत एकदा होतंच.

आतल्या कडा उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीच्या गोटाने बांधून घ्या. गोट सुती नको, पातळ नायलॉनचा. तळाच्या दोन मागच्या कोपऱ्यांत एकेक पितळी आयलेट मारा. लोक विचारतात, मुद्दाम भोक कशाला? तर बाटली आत सांडते, छत्री ओली ठेवली जाते, आणि ते पाणी कुठून तरी जायला हवं.

खांद्याच्या पट्ट्यांसाठी थोडा जास्त वेळ द्या, सॅक चांगली की वाईट ते इथे ठरतं. घरात कुणाच्या पाठीला नीट बसणारी सॅक असेल तर तिच्या पट्ट्याचा आकार कागदावर उतरवा. नसेल तर असा धरा: फोमचा भाग 42 ते 45 सेंटिमीटर लांब, 6 ते 7 रुंद, छातीवरून काखेकडे हलका वळणारा. वर दोन पट्ट्यांच्या आतल्या कडांमध्ये 5 ते 6 सेंटिमीटर अंतर. जास्त ठेवलं तर पट्टे खांद्यावरून घसरतात, कमी ठेवलं तर मान कापतात. पट्टे सॅकच्या वरच्या शिवणीत नका घालू. तिथून 5 ते 6 सेंटिमीटर खाली, पाठीच्या भागावर आडवे बसवा. फोम शिवणीपर्यंत नेऊ नका, दीड सेंटिमीटर आधी कापा; नाहीतर सुईखाली इतकी जाडी जमते की काळी मशीनही हटून बसते. पाठीच्या आतल्या बाजूने, पट्टे जिथे जोडले तिथे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत 25 मिलिमीटरचा बेल्ट आडवा टाका आणि सगळं त्यातून शिवा. ओझं मग त्या बेल्टवर जातं, कापडाच्या चार इंचांवर नाही. तीन ओळी टीप, दोन ओळींत 6 मिलिमीटर अंतर. वरून झाकायला एक पट्टी. बेल्ट एकटा जिथे जोडायचा तिथे टिपेची चौकट आणि चौकटीत फुली.

खाली बेल्ट सरळ शिवणीत खुपसला तर तो एका कडेवर ओढला जातो. त्याला कापडाच्या दुहेरी त्रिकोणात धरा आणि तो त्रिकोण तळापासून 3 सेंटिमीटर वर बाजूच्या शिवणीत घाला, बेल्ट तिरका वर बघेल असा.

हाताने शिवायची वेळ आलीच, आणि एखाद्या जाड जोडावर येतेच, तर जाळी विणायचा बारीक नायलॉनचा दोरा वापरा. जूनपासून जुलैअखेर मासेमारी बंद असते, जाळ्यांची दुरुस्ती तेव्हाच चालते. बंदरावर कुणी हातभर दोरा सहज देईल. चांभाराच्या आरीने भोक पाडा आणि दोन सुया दोन्हीकडून घाला.

मुलीच्या दप्तराला हेच सगळं, पण लहान आणि मुख्य म्हणजे हलकं. केंद्र सरकारच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत हवं. मुलगी 25 किलोची असेल तर सगळं मिळून अडीच किलो. त्यात रिकाम्या दप्तरानेच आठशे ग्रॅम खाल्ले तर वह्यांना काय उरलं? म्हणून 25 बाय 35 बाय 12 सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा लिटर, एक मोठा कप्पा, पुढे एक खिसा, बस. रिकामं दप्तर 500 ग्रॅमच्या आत बसवा. मुली कार्टूनचा खिसा मागतात, तो द्या, पण जादा कप्पे देऊ नका. जितके कप्पे तितकी वह्यांची भरती. जड वह्यांची जागा पाठीला लागून ठेवा आणि दप्तराचा तळ कमरेच्या फार खाली लोंबू देऊ नका. वाढीसाठी म्हणून मोठं शिवू नका. पुढच्या वर्षी तुम्ही दुसरं शिवालच.

आतली कोरडी पिशवी जुन्या रेनकोटच्या कापडाची करा, तोंड तीन वेळा गुंडाळून बकलने बंद होईल अशी. शिवण एकच असावी आणि ती आतून पारदर्शक शिवण-टेपने किंवा रबर सोल्यूशनने बंद करावी. हिचा लेप काही वर्षांत जाणारच. जाऊ दे, ती दोन तासांत नवी होते, सॅक होत नाही. वरून घालायचं पावसाळी कव्हर शिवलंत तर त्याच्या सगळ्यात खालच्या टोकालाही एक आयलेट मारा, नाहीतर कव्हरात तळं साचतं.

सामान गुहागर-चिपळूणला तुकड्या-तुकड्यांत मिळेल. चेन, दोरा, अस्तर शिवणसामानाच्या दुकानात मिळतं. मॅटी, बेल्ट, बकल मात्र कोल्हापूर किंवा मुंबईत बॅगसामानाच्या दुकानातूनच आणावे लागतात. गणपतीला येणाऱ्या नातेवाइकांना यादी देऊन ठेवायची जुनी युक्ती अजून चालते. फक्त यादीवर डेनियर, चेनचा नंबर आणि बेल्टची रुंदी लिहा. 'सॅकचं कापड' एवढंच लिहिलंत तर दुकानदार जे खपत नाही ते देतो.

सॅकला हात घालायच्या आधी याच कापडाची एक चेनची पाकीटवजा पिशवी शिवा, गोल कोपऱ्यांची, छोट्या कड्याची. चेन, पट्टी, कोपरा, गोट हे चारही अवघड भाग तिच्यात येतात आणि बिघडली तर हातभर कापडच जातं.

मासळीची पिशवी अगदी वेगळी. तिला मॅटी नको, कॅनव्हास तर नकोच. सुताला बसलेला मासळीचा वास साबणाने जात नाही. तांदळाच्या पोत्याचं विणलेलं प्लॅस्टिकचं कापड घ्या, ते वास धरत नाही. खताचं किंवा औषधाचं पोतं मात्र घेऊ नका, कितीही धुतलेलं असलं तरी. हे कापड कापल्याबरोबर उसवतं, म्हणून कडा दोनदा दुमडा किंवा तापवलेल्या सुरीने कापा. तळ आणि दोन्ही बाजू एकाच लांब तुकड्याच्या करा, म्हणजे तळाला शिवण येत नाही आणि पाणी पायावर गळत नाही. बंद एकच सलग बेल्ट, तळाखालून फिरवलेला, कारण बर्फासकट सुरमई जड होते. तळाखाली बेल्टला टीप मारू नका, दोन्ही बाजूंवर पिशवीच्या अर्ध्या उंचीपासून वर मारा. अस्तर लावायचं नाही. वापरून झाल्यावर उलटी करून विहिरीवर धुवायची आणि उलटीच टांगायची. उन्हात कायम ठेवलीत तर वर्षाभरात ठिसूळ होईल, तेव्हा सावलीतच बरी.